रविवारी त्लाकोलुला: वाहाकाच्या खोऱ्यात मुलाबाळांसह एक दिवस

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे आणि राजधानीच्या शहराचं नावही तेच. स्पेलिंगमध्ये एक्स असल्यामुळे आपली माणसं ते ओक्साका असं वाचतात. तिथे मात्र वाहाका म्हणायचं. अमेरिकेत राहणारी बरीच मराठी कुटुंबं सुट्टीत कॅनकूनचा समुद्र बघून परततात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मग जाणारच असाल तर वाहाकाला जा, आणि तुमच्या मुक्कामात एक रविवार येईल असं बघून तिकीट काढा.

रविवारच का? शहरापासून ३० किलोमीटरवर त्लाकोलुला नावाचं गाव आहे आणि तिथला आठवडी बाजार रविवारी भरतो. आठवडी बाजार म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. या खोऱ्यातही गावांनी वार वाटून घेतलेले आहेत: एत्लाचा बुधवार, साचीलाचा गुरुवार, ओकोत्लानचा शुक्रवार आणि त्लाकोलुलाचा रविवार. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून ही रीत चालत आली आहे. शुक्रवारीच मोकळे असाल तर ओकोत्लानला जा, तोही चांगला बाजार आहे. पण त्लाकोलुलाच्या रस्त्यावर त्याच्या पुढेमागे इतकं काही आहे की एका दिवसात डोंगर, झरे, जुने वाडे, बाजार आणि जेवण सगळं बसतं.

शहरातून पूर्वेला एकच मोठा रस्ता जातो. त्यावर क्रमाने लागतं ते असं: १० ते १२ किलोमीटरवर तूले गावचं प्रचंड झाड, मग विणकरांचं तेओतित्लान, ३० किलोमीटरवर त्लाकोलुला, ४५ च्या आसपास जुन्या वाड्यांचं मित्ला आणि डोंगर चढून गेल्यावर साधारण ७० किलोमीटरवर इएर्वे एल आग्वाचे झरे. सहलीच्या गाड्या हाच क्रम धरतात, म्हणजे आधी झाड आणि शेवटी झरे. त्यामुळे दुपारी बारानंतर झऱ्यापाशी पाय ठेवायला जागा उरत नाही आणि बाजार तर खिडकीतूनच बघावा लागतो. तुम्ही हाच क्रम उलटा करा. पहाटे निघून थेट शेवटच्या टोकाला जा आणि परत येताना एकेक ठिकाण घ्या. झऱ्यावर शांतता मिळते, बाजारात ऐन भरात पोचता येतं, आणि झाडाखाली उन्हं उतरताना येता.

गाडी, पैसे आणि पहाट

चार माणसांच्या कुटुंबाने दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवावी. मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवलं की ते ठरवून देतात. भाडं दिवसाचं ठरवा, ठिकाणांचं नको, आणि टोल व झऱ्याकडच्या रस्त्याची पावती त्यात धरली आहे की नाही ते आदल्या दिवशीच बोलून घ्या. भांडण होतं ते याच मुद्द्यावर. लहान मुलाची कार सीट तिथल्या टॅक्सीत नसते, आपली न्यावी लागते.

स्वतः चालवणार असाल तर एका गोष्टीचं भान ठेवा. गावांच्या वेशीवर आणि मधेही तोपे असतात, म्हणजे स्पीडब्रेकर, आणि त्यांतल्या अनेकांवर ना रंग असतो ना पाटी. पहाटेच्या अंधारात ते दिसत नाहीत. गावाचं नाव दिसलं की वेग उतरवायचा.

कमी खर्चात जायचं तर शहरातल्या बेसबॉल स्टेडियमजवळून त्लाकोलुला आणि मित्लाकडे बस आणि शेअर टॅक्सी जातात. मित्लाहून पुढे झऱ्यापर्यंत कामियोनेता मिळते, म्हणजे मागे बाकडी टाकलेला पिकअप. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि पहाटे लवकर भरत नाही. मोठ्यांना हे ठीक आहे, पण चार-पाच वर्षांचं मूल सोबत असेल तर या मार्गाने झरे आणि बाजार दोन्ही एका दिवसात नीट होत नाहीत. मग झरे सोडा, बाजार सोडू नका.

रोख पैसे न्या, तेही सुटे. २०, ५० आणि १०० पेसोच्या नोटा. एक पेसो म्हणजे साधारण पाच रुपयांच्या आतबाहेर. कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या बाईकडे ५०० ची नोट मोडायला नसते. गाडीचं भाडं वेगळं काढून चौघांच्या दिवसाला २,००० ते २,५०० पेसो सुटे जवळ असले तर कुठे अडत नाही.

शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. पहाटे स्वेटर लागतो आणि अकरानंतर ऊन चांगलंच भाजतं. टोपी, मुलांना एक जादा कपड्यांचा जोड, टॉवेल, रबरी तळाचे बूट, पाण्याच्या बाटल्या. पावणेसहाला निघताना काही उघडं नसतं, म्हणून आदल्या संध्याकाळी बाजारातून पान दे येमा आणून ठेवा. अंड्याच्या पिवळ्या बलकाचा मऊ, किंचित गोड पाव असतो तो. घाटात मुलांना गाडी लागते, तेव्हा निघताना दूध नको, कोरडा पाव बरा.

दगड झालेलं पाणी

इएर्वे एल आग्वा या नावाचा अर्थ ‘पाणी उकळतंय’. उकळत मात्र नाही. पाणी २२ ते २७ अंशांचं असतं, म्हणजे सकाळी अंगावर काटा आणणारं. उकळल्यासारखं दिसतं ते बुडबुड्यांमुळे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, त्यामुळे किंचित आंबट होतं आणि खालचा चुनखडक विरघळवत पुढे सरकतं. झऱ्यातून वर आलं की दाब सुटतो, वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना जिथल्या तिथे बसतो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार धरतो तो हाच. फरक एवढाच की इथे तो हजारो वर्षं कड्यावरून ओघळत धरत गेला आणि ५० ते ९० मीटर उंचीच्या कड्यांवर गोठलेल्या धबधब्यासारखा दिसतो.

कड्याच्या वर बारकाईने पाहिलंत तर वीतभर रुंदीचे पाट दिसतात. इथल्या मूळच्या झापोटेक लोकांनी साधारण २,५०० वर्षांपूर्वी डोंगरउतारावर पायऱ्यांची शेती केली आणि झऱ्याचं पाणी या पाटांनी खाली नेलं. क्षाराने ते पाटही दगडाचे झाले. मुलांना धबधब्यापेक्षा हे जास्त कळतं: एक बोट पाटात ठेवायचं आणि पाणी कुठे गेलं असेल ते शोधत जायचं.

इथे एक नाही, दोन शुल्कं लागतात, एक रस्त्याचं आणि एक जागेचं. दोन्ही गावकऱ्यांच्या हाती आहेत. गावागावांतल्या वादातून २०२१ मध्ये हे ठिकाण बराच काळ बंद होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी ‘मान्याना एस्ता आबिएर्तो?’ असं मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. उद्या उघडं आहे का, एवढाच अर्थ. पावत्या बाहेर पडेपर्यंत सांभाळा. शेवटचे काही किलोमीटर कच्चा, वळणावळणाचा रस्ता आहे. जून ते सप्टेंबर दुपारी पाऊस आला की तिथे चिखल होतो, पहाटे जाण्याला हेही एक कारण. मार्च ते मे पाणी कमी असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांत उत्तम: पाणी भरपूर, डोंगर हिरवे.

पोचल्या पोचल्या पाण्यात उतरायची घाई नको. आधी पायवाटेने खाली जा. ती मोठ्या धबधब्याच्या पायथ्याला वळसा घालून वर येते, मुलांच्या चालीने तासभर लागतो. साडेआठ-नऊला परत वर याल तेव्हा कुंडांवर ऊन आलेलं असतं आणि अंगही तापलेलं असतं. कुंडाचा तळ शेवाळाने निसरडा असतो आणि काठ खरखरीत, गुडघा लागला तर सोलतोच. त्वचेला सनस्क्रीन, तेल, साबण काही लावून उतरू नका. ते पाण्याबरोबर वाहून जाऊन चुन्याच्या पुढच्या थरावरच बसतं. ऊन टाळायला लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. बाहेर आल्यावर अंगावर पांढरी पूड धरते, ती साध्या पाण्याने धुवायची, चोळायची नाही. आणि कड्याच्या टोकाला कठडा नाही. लहान मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरलेलाच हवा, फोटो काढणारा दुसरा.

दहापर्यंत निघा. वर गाड्या उभ्या राहतात तिथल्या टपऱ्यांवर मेमेला मिळते, तो नाश्ता पुरे. मेमेला म्हणजे जाडसर मक्याची लहान भाकरी, कडा चिमटून वर घेतलेली, वर घेवड्याचं वाटण आणि ताजं चीज. शाकाहारी असाल तर तव्यावर टाकण्याआधीच ‘सिन आसिएन्तो’ म्हणा. सिन म्हणजे ‘शिवाय’. आसिएन्तो म्हणजे डुकराची चरबी कढवल्यावर तळाला उरणारा तपकिरी साका, आणि मेमेलेवर तो न विचारता लावतात.

मित्लाला पाऊण तास पुरतो. इथल्या वाड्यांच्या भिंतींवर दगडाचे हजारो छोटे तुकडे चुना-माती न वापरता एकमेकांत बसवून पायऱ्या-पायऱ्यांची आणि गुंडाळलेल्या लाटांची नक्षी केलेली आहे. एकच तुकडा निवडा आणि त्याच्या कडेचा सांधा बघा, नख शिरत नाही. खांबांच्या दालनात अख्ख्या दगडाचे सहा खांब आहेत आणि खाली उतरून बघायच्या थडग्यांचं दार इतकं ठेंगणं आहे की मोठ्यांना वाकावं लागतं आणि मुलं सरळ चालत जातात. रविवारचा मोफत प्रवेश मेक्सिकोच्या नागरिकांना आणि तिथे राहणाऱ्यांना असतो, आपल्याला तिकीट पडतं. मित्लाच्या बाहेरच्या डोंगरांत गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया आणि ६,००० वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली. मित्ला आणि जवळच्या यागूलच्या गुहांचा हा सगळा परिसर २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. हे डोक्यात ठेवून बाजारात उतरलात की तिथली मक्याची पोती वेगळीच दिसतात.

बाजार

सव्वाबाराला त्लाकोलुला. चर्चच्या भोवतीचे सगळे रस्ते ताडपत्रीखाली गेलेले असतात. ताडपत्रीच्या दोऱ्या तिथल्या बायकांच्या उंचीला बांधलेल्या असतात, तेव्हा उंच माणसाने मान खाली घालूनच चालायचं. झापोटेक बायका भरतकामाचे रंगीत एप्रन घालून, डोक्याला शाल गुंडाळून बसलेल्या असतात. कुणाच्या हातात पाय बांधलेला जिवंत टर्की. फोटो काढायचा तर आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा. नको म्हटलं तर नको. वीस पेसोच्या भाजीवर घासाघीस करू नका, भाव आधीच खरा सांगितलेला असतो.

मराठी डोळ्यांना इथे इतकं ओळखीचं दिसतं की पहिला अर्धा तास त्यातच जातो. सीताफळ, पेरू, पपई, चिकू. चिकू हा शब्दच इकडचा, नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून आपल्याकडे आलेला. पालेभाज्यांत वेर्दोलागास म्हणून मांडलेली जुडी उचलून बघा, ती आपली घोळ आहे. भोपळ्याची फुलं आणि कोवळे वेल जुड्या बांधून असतात. त्या वेलांचं इथे सूप करतात. आलेग्रिया नावाची वडी म्हणजे सरळ राजगिऱ्याची चिक्की, कारण राजगिरा मूळचा इकडचाच. उपासाला खातो ते धान्य मेक्सिकोतून आलं हे मुलांना इथेच, वडी हातात देऊन सांगावं. ती गोड केलेली असते ती पानेलाने, म्हणजे गुळाने; शंकूच्या आकाराच्या ढेपा शेजारीच असतात. ऑक्टोबरच्या अखेरीला आलात तर सगळा बाजार झेंडूने आणि कोंबड्याच्या फुलांनी भरलेला असतो, १ आणि २ नोव्हेंबरच्या पितरांच्या दिवसांसाठी. आपला दसऱ्याचा झेंडूही मूळचा इथलाच.

आणि चुना. मक्याच्या पोत्यांजवळ पांढऱ्या ढेकळांचा ढीग दिसेल. पानाला लावतो तोच हा चुना, पण इथे तो स्वयंपाकाचा कणा आहे. एक किलो वाळलेल्या मक्याला तीन लिटर पाणी आणि साधारण दहा ग्रॅम विरवलेला चुना घेऊन अर्धा-पाऊण तास शिजवायचं आणि रात्रभर तसंच झाकून ठेवायचं. सकाळी दाण्याचं साल बोटांनी चोळलं की सुटतं. दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाटलं की मासा तयार, म्हणजे तोर्तियाचं, मक्याच्या पातळ पोळीचं, पीठ. आपल्या मक्याच्या भाकरीला थापताना कडेने भेगा पडतात आणि तोर्तियाला पडत नाहीत, त्याचं कारण हा चुना: तो दाण्याच्या भिंती मोडतो आणि पीठ चिकट होतं. शिवाय मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळे मोकळं होतं. युरोपात मका गेला पण चुना गेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरीब वस्त्यांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. घरी करून बघणार असाल तर स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमला चुना खातो आणि मका काळपट पडतो.

जेवणाची जागा चर्चच्या जवळच्या बंदिस्त मंडईत आहे. नाकाने जा, धूर सांगेल. कोळशाच्या शेगड्या ओळीने पेटलेल्या असतात आणि त्याभोवती खाटीक. इथली पद्धत अशी: मांस वजनावर घ्यायचं आणि समोरच्या शेगडीवर स्वतः भाजायचं. तासाहो म्हणजे पंख्यासारखं पातळ कापून खारवलेलं गोमांस, सेसीना म्हणजे लाल मिरचीचं वाटण चोळलेलं डुकराचं मांस, आणि चोरिसो म्हणजे मसालेदार सॉसेज. चौघांना अर्धा किलो मांस आणि पाव किलो चोरिसो भरपूर होतं. तासाहो एका बाजूने जेमतेम मिनिटभर ठेवायचा. सगळ्यांचं इथेच चुकतं: रंग येण्याची वाट बघतात आणि मग चामडं चावत बसतात. चोरिसो उलट, शेगडीच्या कडेला दहा मिनिटं, कारण मधोमध ठेवला तर चरबी गळून भडका उडतो आणि बाहेरून कोळसा, आतून कच्चा राहतो. कांद्याची पात, निवडुंगाची पानं आणि चिले दे आग्वा नावाची पोपटी मिरची दुसऱ्या बाईकडून घ्यायची, तोर्तिया टोपलीवाल्या तिसरीकडून, आणि प्रत्येकीला वेगवेगळे पैसे द्यायचे. सुटे इथेच संपतात.

निवडुंगाचं, म्हणजे नोपालचं, पान काटे काढून मिळतं. त्यावर सुरीने चार-पाच उभ्या चिरा द्या, मीठ लावा आणि प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं भाजा. झगझगीत हिरवा रंग जाऊन मेंदीसारखा झाला आणि बुळबुळीतपणा आटला की झालं. भेंडी परतताना जे लक्ष ठेवतो तेच. मिरचीची साल फुगून काळी झाली की सोला, बिया काढा, लिंबू-मीठ घाला. भाजलेली पात, नोपाल, ही मिरची आणि केसियो, म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं तंतूदार चीज, गरम तोर्तियात घ्या. शाकाहारी माणसाचं यात पोटभर जेवण होतं, पण शेगडी मांसाच्याच शेजारची असते, ते चालत नसेल तर बाहेर फळं, आलेग्रिया आणि पाव यांवर दुपार काढावी लागेल. केसियोच्या विरजणात प्राण्याचं रेनेट असू शकतं, तेही सांगून ठेवलेलं बरं.

‘सिन कार्ने’ एवढंच म्हणून काम होत नाही. कार्ने म्हटलं की तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर गुरांचं आणि डुकराचं मांस येतं. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. तेव्हा तीन शब्द पाठ करा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि ती घेवड्यात, तामालेसमध्ये (पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ), गोड तामालेसमध्येसुद्धा असते. भात बहुतेक कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. तोर्तिया मात्र मका, पाणी आणि चुना, तिथे निर्धास्त खा.

मटण खाणाऱ्यांनी शेगडीऐवजी बार्बाकोआच्या बाकांकडे वळावं. बोकडाचं किंवा मेंढीचं मांस रात्रभर जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर वाफवलेलं असतं, सोबत आवोकाडोची पानं, ज्यांना बडीशेपेसारखा वास असतो. लालभडक रस्सा, कोन्सोमे, आधी वाटीत येतो. त्यात लिंबू पिळून, चिरलेला कोबी घालून प्यायचा, मग मांस. दोन-अडीचपर्यंत चांगले तुकडे संपतात. पोटात जागा एकाच जेवणाची असेल तर माझं मत बार्बाकोआला, शेगडीला नाही. भाजलेलं मांस शहरातही मिळतं, हे असं नाही.

चापुलिनेस, म्हणजे लिंबू, लसूण आणि मिठात परतलेले टोळ, टोपल्यांत ढीग घालून असतात. घ्यायचे तर सगळ्यांत बारीक घ्या. मोठ्यांचे पाय घशाला टोचतात. ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांनी टोळाला हात लावू नये, प्रथिनं त्याच जातीची असतात.

तेहाते चुकवू नका. मातीच्या मोठ्या परातीत कोपरापर्यंत हात बुडवून बसलेली बाई दिसली की थांबा. राखेत शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामे फळाची बी आणि रोसिता दे काकाओ नावाचं सुगंधी फूल वाटून एक घट्ट गोळा करतात. ती तो थोड्या थोड्या पाण्याने मळत राहते आणि मग वरून उंचावरून गार पाण्याची धार सोडते. कोको आणि मामेच्या बीमधला स्निग्ध अंश वर येऊन पांढरा, दह्याच्या सायीसारखा फेस धरतो. तो फेसच खरा, फेस नसलेलं तेहाते कुणी घेत नाही. फळाच्या टणक कवचाच्या रंगवलेल्या वाटीत, हीकारात, देतात आणि साखरेचा पाक वेगळा घालतात. दूध नाही, अंडं नाही. चवीला किंचित भरड, थंड, नाचणीच्या आंबिलीसारखं पोटाला शांत. पाणी जारमधलं आहे ना तेवढं बघा, जार परातीशेजारीच ठेवलेला असतो. इतर सरबतांत बर्फ असेल तर मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फोडलेली लादी टाळा.

परतीची वाट

पावणेतीनला निघालात तर तेओतित्लानला तासभर मिळतो. घराघरांत माग आहेत आणि लोकरीच्या सतरंज्या विणतात; नक्षी मित्लाच्या भिंतीवरची, सकाळी बघितलेली. रंग करून दाखवा म्हटलं की मालक मिरीएवढा करडा दाणा तुमच्या तळहातावर ठेवतो. तो निवडुंगावर वाढणारा कोचिनीया किडा, वाळवलेला. बोटाने चिरडला की गडद लाल. त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकले की केशरी, आणि मग चिमूटभर चुना टाकला की जांभळा. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तशीच ही आम्ल-अल्काची किमया. रंग पक्का करायला तुरटी. लोकर खरी की नाही हे ओळखायचं असेल तर सुटा धागा मागून जाळा: लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख होते, ॲक्रिलिक वितळून टणक मणी होतो. पैशांचं बघायचं तर छोटी घ्या, पण नैसर्गिक रंगाची घ्या.

पाच वर्षांखालचं मूल दमून झोपलं असेल तर तेओतित्लान सोडून थेट तूले गाठा. इथलं आहुएहुएते झाड चर्चपुढच्या अंगणात उभं आहे. नावाचा अर्थ ‘पाण्यातला म्हातारा’. एके काळी इथे दलदल होती. खोडाचा घेर सुमारे ४२ मीटर, उंची ३५ मीटरच्या आसपास, आणि हे जगातलं सगळ्यांत जाड खोड मानतात. हात पसरून दीड मीटर धरला तर कडं करायला अठ्ठावीस माणसं लागतील. आपल्याकडचे मोठे वड पारंब्यांनी पसरतात, हे मात्र एकच खोड आहे. अनेक झाडं जुळून एक झाली असावीत अशी शंका होती, ती डीएनए तपासणीने मिटली. कुंपणाच्या आत जाता येत नाही. गावातली शाळकरी मुलं आरशाने उन्हाची तिरीप खोडावर पाडून सिंह, हरीण, मगर दाखवतात. आपल्या मुलांना त्यांच्या हवाली करा, भाषा न कळताही वीस मिनिटं जातात. निघताना त्या मुलांना वीस-तीस पेसो द्या. मग बाहेर निएवे, हाताने फिरवलेलं आइस्क्रीम: जळक्या दुधाचं आणि निवडुंगाच्या लाल फळाचं, एकाच कपात दोन्ही. दूध मुद्दाम लागू दिलेलं असतं, पहिला चमचा चमत्कारिक लागतो आणि दुसऱ्यापासून बोंडाचा आंबटपणा त्याला सावरतो.

बाजारातून मोलेचं, म्हणजे मिरची-मसाल्यांच्या घट्ट रश्श्याचं, वाटण घेतलं असेल, घ्यावंच, पाव किलो काळं आणि पाव किलो लाल, तर ते विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, लगद्याला द्रव धरतात. दोन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेत टाका. चरबी घातली आहे का ते घेतानाच विचारा. घरी एक वाटी वाटणाला चमचाभर तेल तापवून ते मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, मग तीन ते चार वाट्या गरम रस्सा किंवा भाज्यांचं पाणी आणि दोन भाजलेले टोमॅटो वाटून घाला. वीस-पंचवीस मिनिटं उकळताना डाव तळाला लागूनच फिरला पाहिजे. त्यात मिरची, तीळ आणि कोको असतो, तळाला धरला की कडूपणा सगळ्या पातेल्यात उतरतो आणि मग साखर घालूनही जात नाही.